दिसतंय ना, मग चिपळूणला कशाला?

"वहिनी, तुम्हाला दिसतंय ना नीट? मग काचबिंदूच्या तपासणीला दर तीन महिन्यांनी चिपळूणला कशाला जाता?" सकाळच्या एसटीत हे मला कितीतरी जणींनी विचारलंय. गुहागर ते चिपळूण म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस. सुपारी सोलायच्या दिवसांत तर तो दिवस फारच महागात पडतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते, कारण एसटीत वाटेवरची शृंगारतळी येईपर्यंत हे सांगून होत नाही.

मला २०११ पासून आमवात आहे, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस. वाकडी झालेली बोटं सगळ्यांना दिसतात. या आजारात शरीराची राखण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, आणि ती सांध्यांपाशी थांबेल असं नसतं. माझ्या अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथीही तिने धरल्या. याला शोग्रेन म्हणतात. हेन्रिक शोग्रेन या स्वीडनमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरने १९३३ साली आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. कोरडे डोळे आणि दुखरे सांधे यांची गाठ एका डोळ्यांच्या डॉक्टरने घातली, याचं मला फार अप्रूप वाटतं. कारण मी स्वतः ती गाठ दोन वर्षं घातली नव्हती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि मी ते बंबाच्या धुरावर ढकलायची. नारळाची सोडणं पेटवली की धूर होतोच, असं म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

शेवटी डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. पट्टी १० मिलिमीटरहून जास्त भिजायला हवी. माझी एका डोळ्यात ३ भिजली आणि दुसऱ्यात ४.

"एवढ्या दमट हवेत डोळे कोरडे कसे पडतील?" हाही नेहमीचा प्रश्न. दमट हवेत डोळ्यांवरचं पाणी सावकाश उडतं, हे खरंच आहे. पुण्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाते तेव्हा तिथल्या एसीत दोन तासांत डोळे जळायला लागतात, तसं इथे आषाढ-श्रावणात होत नाही. पण हवा अश्रू तयार करत नाही, ते ग्रंथींनीच करायचे असतात. शिवाय डोक्यावर रात्रभर पंखा, दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा आणि घरातला धूर. आपल्या दमट हवेलाही यांच्यापुढे हात टेकावे लागतात.

आणि कोरड्या डोळ्यांतून पाणी गळतं कसं? अश्रूंचा थर नुसता पाण्याचा नसतो. आत चिकट थर, मध्ये पाणी आणि वर पापण्यांच्या कडेतून येणारं तेल. हा थर तुटला की डोळ्याला टोचतं, मग डोळा घाईघाईने नुसतं पाणी सोडतो. ते टिकत नाही, गालावर ओघळून जातं. खाली मात्र कोरडं ते कोरडंच.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. अडतं ते काचबिंदूपाशी. "डोळ्यांत पाणीच नाही, तर डोळ्याचा दाब कसला वाढेल?" असं शेजारच्या काकू म्हणाल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं की नेमकी इथेच सगळ्यांची गल्लत होते. ही दोन वेगळी पाणी आहेत. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात. डोळ्याच्या आत दुसरा पातळ द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून बाहेर पडतो. आमच्या पोफळींच्या बागेतल्या पाटासारखं हे काम चालतं. पाटात पालापाचोळा अडकला की वरच्या अंगाला पाणी तुंबतं. डोळ्यातली ती जाळी अडली की आतला दाब वाढतो आणि मागे मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरत जाते. साधारणपणे हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. बाहेर उन्हाळा आणि आत पूर, असं एकाच डोळ्यात एकाच वेळी होऊ शकतं.

ती जाळी अडवणाऱ्या गोष्टींत स्टेरॉइड येतं. आमवातात ते बऱ्याचदा घ्यावं लागतं. माझं दुखणं उसळलं की प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घ्यावीच लागते. गोळीनेही दाब वाढू शकतो, पण डोळ्यात थेट घातलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी तो जास्त सहज वाढतो. सगळ्यांचा वाढत नाही. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे, ज्यांना मधुमेह आहे, मोठा मायनस नंबर आहे किंवा माझ्यासारखा आमवात आहे, त्यांचा वाढण्याची शक्यता जास्त.

हे मला माहीत नव्हतं. २०१९ च्या पावसाळ्यात घरात सगळ्यांचे डोळे आले होते. त्या वेळची थेंबांची एक बाटली फडताळात उरली होती. पुढे माझे डोळे लाल झाले की मी तीच घालायची. दोन दिवसांत लाली गायब व्हायची, चुरचुर थांबायची. इतका आराम मला दुसऱ्या कशानेच मिळाला नव्हता. बाटली संपल्यावर तशीच दुसरी आणली, कोणी चिठ्ठी विचारली नाही. अशी दोन-अडीच महिने मी ती घातली. त्यात स्टेरॉइड होतं. आमवातासाठी घेते त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्यांमुळे डोळ्याच्या पडद्याची तपासणी करावी लागते, तेवढ्यासाठी गेले होते, म्हणून दाब मोजला गेला. उजव्या डोळ्यात २९, डाव्यात २७. मला काही दुखत नव्हतं आणि सगळं स्वच्छ दिसत होतं. उलट ते दोन महिने माझे डोळे सर्वांत सुखात होते. हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

ते थेंब बंद झाले आणि दाब उतरवायचे दुसरे सुरू झाले. काही महिन्यांत दाब खाली आला, नस वाचली. पण त्या बाटलीत औषध टिकावं म्हणून घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह कोरड्या डोळ्यांना सोसत नाही. एकाचं औषध दुसऱ्याला मारक, असे ते महिने गेले. डॉक्टरांनी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब लिहून दिले तेव्हा कुठे डोळे उघडे ठेवता यायला लागले. आता कृत्रिम अश्रूही मी तसलेच घेते. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर तेच बरे.

आता आईचं सांगते, खरं तर मी जाते ती तिच्यामुळे. आई माझ्याकडेच असते. २०१४ च्या सुमारास ती उजव्या बाजूचा तांब्या पाडायची, उजवीकडून कुणी आलं तर दचकायची. आम्ही सगळे म्हणत होतो, मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढू. ती वाट बघणं आमचं होतं, तिचं नव्हतं. गेलो तेव्हा उजव्या डोळ्यात जेमतेम उजेड कळत होता. मोतीबिंदू होता, पण थोडासाच. खरा होता काचबिंदू. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत नस जाते आणि गेलेली नजर परत मिळत नाही. तो कडेकडेने नजर खात येतो आणि एका डोळ्याचं उणं दुसरा भरून काढतो, म्हणून माणसाला कळतच नाही. आईचा डावा डोळा थेंबांवर टिकून आहे. त्या एका डोळ्यावर ती अजून तांदूळ निवडते.

मी तिची मुलगी, मला आमवात, माझ्या पोटात स्टेरॉइड, आणि एकदा दाब २९ वर जाऊन आलेला. म्हणून दर तीन महिन्यांनी जाते. दाब मोजतात, वर्षातून एकदा नजरेच्या कडांची तपासणी होते आणि नसेचं स्कॅन होतं. बुबुळाची जाडीही एकदा मोजली. ते पातळ असेल तर यंत्र दाब खऱ्याहून कमी दाखवतं, आणि माझं पातळ आहे. तपासणीला जाताना एसटीतून उतरल्यावर मी अश्रूंचे थेंब घालते, कारण कोरड्या डोळ्यांनी ती कडांची तपासणी नीट देता येत नाही. माझ्या पिशवीत एक वही असते. कुठल्या महिन्यात प्रेडनिसोलोन किती आणि दाब किती, हे समोरासमोर लिहिलेलं. पुण्याचे आणि चिपळूणचे डॉक्टर एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, त्यांची भेट या वहीत होते.

हे वाचून कुणी स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने थांबवू नका, हात जोडून सांगते. ती एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं. कमी करायची ती डॉक्टरांनीच, सावकाश. शीर्षासनाने नजर सुधारते असं मला दोघींनी सांगितलंय. शीर्षासनात डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, तेव्हा ज्यांना हा धोका आहे त्यांनी ते करू नये. आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोळा लाल झाला, डोकं ठणकलं, उलटी झाली, तर पित्त म्हणून घरी पडून राहू नका, त्याच दिवशी निघा.

वाकड्या बोटांनी बाटली दाबणं हे माझं रोजचं कष्टाचं काम. बाटलीला फडकं गुंडाळून ती जाड करते, आडवी होते, हात कपाळावर टेकवते. अश्रूंची बाटली फ्रिजमध्ये ठेवते, कारण गार थेंब डोळ्यात पडला की नाही हे लगेच कळतं. एका वेळी एकच थेंब, कारण दुसरा नुसता गालावर जातो. आईचे थेंबही मीच घालते. तेव्हा नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरते, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध पाच मिनिटं थांबून. या पाच मिनिटांत आम्ही दोघी डोळे मिटून गप्पा मारतो.

डोंबिवलीचा माझा भाऊ गणपतीला आलाय. अठ्ठावन्न वर्षांचा आहे, त्याने आजवर एकदाही दाब मोजून घेतलेला नाही. त्यालाही सगळं नीट दिसतं. सोमवारी पहिल्या गाडीने तो माझ्याबरोबर येतोय. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातल्यावर दोघांनाही उन्हात धड दिसणार नाही, म्हणून भाचा गाडी घेऊन शृंगारतळीपर्यंत येणार आहे.