मांडी ऐकत का नव्हती

"काकू, गुडघा खाली दाबा. अजून. अजून थोडा." गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी होती आणि माझी बोटं वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला. तिथला स्नायू दगडासारखा टणक व्हायला हवा होता. तो मऊच राहिला. तीन आठवडे हाच व्यायाम दिवसातून तीनदा चालला होता आणि त्यांच्या मुलीच्या वहीत एकही खाडा नव्हता.

काकूंचं वय ५४. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात, ११ वर्षांपासून. प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट सुरू, अधूनमधून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. तक्रार एकच: "पायात जीवच नाही, हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही." आधी एके ठिकाणी त्यांना 'मनापासून व्यायाम करत नाही' असं ऐकवलं गेलं होतं. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

वजन पाच वर्षांपासून ६२ किलोच्या आसपास, म्हणून घरच्यांना सगळं ठीक वाटत होतं. या आजारात वजनकाटा फसवतो. शरीरभर सुरू असलेला दाह स्नायू झिजवतो, कमी हालचाल आणि स्टिरॉइड त्यात भर घालतात, आणि गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते. काटा हलत नाही, मांडी मात्र रिकामी होत जाते. म्हणून मी टेप लावते. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर खूण करून घेर मोजायचा, दोन्ही पायांचा. अगदी वाटीलगत मोजलं तर सुजेमुळे आकडा फुगतो आणि झीज लपते. काकूंचा उजवा घेर डाव्यापेक्षा ३ सेंटिमीटरने कमी भरला.

हाताची पकड मोजून इथे फारसं कळत नाही. बोटांचे सांधे दुखत असतील तर पकड दुखण्यामुळे सुटते, स्नायूमुळे नाही. त्यापेक्षा खुर्ची बरी: हात छातीवर, पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं, घड्याळ लावून. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद नीट तपासायची. काकूंना एकदाही जमलं नाही.

पण त्या दिवशी डोळ्यात भरली ती वेगळीच गोष्ट. त्यांची टाच हातात धरून मी गुडघा सरळ केला, तर पूर्ण सरळ झाला. त्यांनी स्वतः केला, तर शेवटचे १५ अंश राहिले. सांधा अडलेला नव्हता. स्नायूच ओढत नव्हता. मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूने तळहात खालून वर फिरवला, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली. वाटीशेजारच्या खळग्यात हळूच एक लाट उमटली. गुडघ्यात पाणी होतं. वरून सूज फारशी दिसत नव्हती आणि वाटी दाबून पाहिल्यावर ती तरंगल्यासारखी लागलीही नव्हती, म्हणून ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

सांध्यात पाणी साठलं की आतल्या संवेदना मज्जारज्जूकडे जातात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा हुकूम तिथेच दाबला जातो. वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू सर्वात आधी मंदावतो. त्याला २० ते ३० मिलिलिटर पाणीसुद्धा पुरतं आणि दुखणं असायलाच हवं असं नाही. माणसाने कितीही जोर लावला तरी हुकूमच पोहोचत नसेल तर स्नायू काय करणार? काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग मुलीकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे मी करत होते ना गं."

त्याच दुपारी त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी जागा बधिर करून सुईने ४५ मिलिलिटर पाणी काढलं, तपासणीला पाठवलं आणि सांध्यात इंजेक्शन दिलं. एकच गुडघा गरम, लाल आणि अंगात ताप असेल तर आधी जंतुसंसर्गाची शंका घ्यायची. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांत तर नक्कीच. इथे तसं काही नव्हतं. पाणी काढल्यावर अर्ध्या तासाने त्या टेबलावर आडव्या झाल्या. गुडघा खाली दाबला आणि माझ्या बोटांखाली स्नायू उचलला गेला. कमकुवत, थरथरता, पण टणक. १५ अंशांचे ५ झाले. बधिर करायच्या औषधाचाही त्यात वाटा असेल, तरी रस्ता उघडला होता.

सांध्यात इंजेक्शन दिलेलं असल्याने पुढचा दिवस विश्रांती. नंतर तोच जुना व्यायाम: दाबायचं, ६ सेकंद धरायचं, १० वेळा, श्वास न रोखता. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपणं बंद. वाकलेल्या गुडघ्याला बरं वाटतं, पण हळूहळू तो तसाच आखडतो. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची. नेहमीची बैठक ४५ सेंटिमीटर, तिच्यावर घट्ट गाद्या ठेवून ५५ केली. त्या उंचीवरून ८ वेळा उठणं, असे दोन फेरे. १२ वेळा सहज जमायला लागलं की २-३ सेंटिमीटर उंची कमी. पायाला वजन अर्ध्या किलोपासून. हातांच्या व्यायामाला डंबेल दिलं नाही, मनगटाच्या वर पट्टीचं वजन बांधलं, म्हणजे सुजलेल्या बोटांना मूठ आवळावी लागत नाही. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास, आणि सकाळचा ताठरपणा ओसरल्यावरच.

वजन उचलल्याने सांधे झिजतील ही भीती फार खोल असते. नेदरलँड्समधला दोन वर्षं चाललेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासाच्या २००४ मधल्या अहवालात जोरकस व्यायाम करणाऱ्यांच्या हातापायांच्या लहान सांध्यांची हानी वाढलेली दिसली नाही. मोठ्या सांध्यांची आधीच बरीच हानी झाली असेल तर मात्र भार बेतानेच वाढवावा. घरी मी एक सोपी खूण सांगते: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं तर पुढच्या वेळी भार कमी करायचा, बंद करायचा नाही. मानेवर किंवा डोक्यावर भार टाकणारा व्यायाम या आजारात मानेचे एक्स-रे पाहिल्याशिवाय मी देत नाही. वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. मान वाकवल्यावर हातात मुंग्या किंवा वीज गेल्यासारखं झालं तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर.

सहाव्या आठवड्यात काकू साध्या खुर्चीतून पाच वेळा उठल्या, १९ सेकंदांत. बाराव्यात १४. मांडीचा घेर दीड सेंटिमीटरने वाढला, वजन तेच ६२.

मधे नवव्या आठवड्यात मुलीचा फोन आला होता. तळहात कसा फिरवायचा ते मी तिला शिकवलं होतं. "मॅडम, आज लाट दिसतेय." त्या दिवशीची वजनं काढून टाकली, फक्त दाबून धरायचा व्यायाम ठेवला आणि डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.