कानाला पेलेल एवढा आकडा

इंदुरात बाहेरून आलेला वक्ता पहिली पाच मिनिटे कशावर घालवणार, हे पहिल्या दोन रांगांतल्या मंडळींना पाठ असते. आधी अहिल्यादेवी, मग २०१७ पासून पटकावत आलेला स्वच्छतेचा पहिला नंबर, मग पोहे-जिलबी. टाळ्या तिन्हींना पडतात. चौथा विषय राजकोषीय तूट, म्हणजे कर्ज सोडून सरकारची जी कमाई, तिच्यापेक्षा जास्तीचा खर्च; तिला कुणी टाळ्या वाजवत नाही. पण मे महिन्याच्या उकाड्यात रामबागेतून, लोकमान्य नगरातून माणसे येऊन बसतात ती तिच्याचसाठी. उन्हाळा आणि व्याख्यान यांचे लग्न न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात लावून दिले. इथे इंदुरात अभ्यास मंडळ या संस्थेची उन्हाळी व्याख्यानमाला तोच संसार हिंदीतून करते.

तज्ज्ञ वक्त्याची गोची एकच. त्याला सवय लिहिण्याची, आणि समोर असतात कान. वाचणाऱ्याला मागचे पान उलटता येते, ऐकणाऱ्याला नाही. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले तर पाऊण तासात साडेचार-पाच हजार शब्द जातात. त्यात आकडे तीन, फार तर चार टिकतात. पंचवीस आकडे सांगणारा विद्वान ठरतो, पण घरी जाताना लोकांच्या हाती काही लागत नाही.

‘महागाई सहा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आली’ हे वाक्य घ्या. अगदी बरोबर आहे, आणि चौथ्या रांगेतल्या काकू ते ऐकून मनात म्हणतात, मग तूरडाळ का नाही उतरली? इथे थांबून पिशवी दाखवावी लागते. शंभर रुपयांची पिशवी पहिल्या वर्षी १०६ रुपयांना झाली, दुसऱ्या वर्षी १०९ रुपये १८ पैशांना. वाढ मंदावली, भाव खाली आला नाही. यात वीस सेकंद जातात आणि काकू पुढचे ऐकायला मोकळ्या होतात.

‘लाख कोटी’चेही तेच. एकावर बारा शून्ये म्हटले की लोक नुसते आदराने मान डोलावतात. एकशे चाळीस कोटींनी भागून ‘माणशी सातशे रुपये’ म्हटले की खुर्च्या करकरतात. रेपो दराच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने थोड्या मुदतीचे कर्ज देते त्या दराच्या, बाबतीत मात्र जपून. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो ६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्क्यांवर आला, त्याला सगळेच ‘पाव टक्का कपात’ म्हणतात. खरे तर हा पाव टक्केबिंदू. मूळ दराच्या हिशेबाने कपात जवळजवळ चार टक्क्यांची. दुसऱ्या रांगेत बँकेतून निवृत्त झालेले एक काका असतातच, आणि ते याच चुकीची वाट बघत बसलेले असतात.

अर्थात पाऊण तास हाती लागला तर. साडेसहाच्या व्याख्यानात वक्ता माइकपाशी येईतो सात वाजून जातात. परिचय अर्ध्या पानाचा, दीड मिनिटाचा पुरे. पण पाठवलेला दोन पानी बायोडेटा जन्मगावापासून वाचला जातो. समईची गंमत तर निराळीच. वाती आधी तेलात भिजवून, एकदा पेटवून विझवलेल्या हव्यात. काजळलेली वात चटकन धरते. कोरी वात पाच पाहुण्यांचे पाच हात आणि दहा काड्या खाते. शेवटी कुणीतरी ओरडते, ‘पंखे बंद करा!’ आणि पंखे बंद होतात.

माइक तोंडापासून वीतभर, किंचित तिरका. अगदी समोर धरला तर ‘फ’ आणि ‘भ’ फटाक्यासारखे फुटतात. आवाजाचा खोका वक्त्याच्या पाठीमागे ठेवला की शिट्टी वाजणारच, त्यात माइकचा काही दोष नाही.

प्रश्न चिठ्ठीवरच घ्यावेत. श्रोत्यांत फिरता माइक सोडला की तो परत येत नाही; तिथे दुसरे व्याख्यान सुरू होते. भाषण चालू असतानाच एकाने चिठ्ठ्या गोळा करून तीन गठ्ठे लावावेत: खरे प्रश्न, प्रश्नचिन्ह लावलेली मते आणि उरलेले. पहिल्यातले चार-पाच पुरतात. दुसरा वक्त्याला घरी न्यायला द्यावा. तिसरा मात्र कुणी उघडून बघत नाही. त्यात सगळ्यात वर, सातच्या आधीच आलेली चिठ्ठी असते: ‘पंखे लावा.’