बारा सूंचं तिकीट

रविवार, रात्री उशिरा

फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन वेलने कारखान्यात कामगार म्हणून राबताना लिहिलेल्या नोंदी वाचतेय सध्या, आणि त्यातली एक नोंद काही केल्या डोक्यातून जात नाहीये. १९३५ साल, पॅरिस. ती दाताच्या डॉक्टरकडून बाहेर पडते, बसमध्ये चढते आणि एकदम तिच्या मनात येतं की अरे, मी तर गुलाम, मग मी या बसमध्ये कशी काय बसू शकते, बारा सू (फ्रान्समधली छोटी नाणी) देऊन चारचौघांसारखा प्रवास कशी करू शकते? पुढे लिहिते की कुणी मला दरडावून खाली उतरवलं असतं, म्हणालं असतं की असल्या सोयी तुझ्यासाठी नाहीत, तू चालत जा, तर मला ते अगदी साहजिक वाटलं असतं.

हे लिहिणारी कोण, तर डॉक्टरांच्या घरात वाढलेली, पॅरिसच्या नामांकित संस्थेत शिकलेली, मुलींच्या शाळेत तत्त्वज्ञान शिकवणारी बाई. १९३३ च्या डिसेंबरात रशियन क्रांतीतला पुढारी ट्रॉट्स्की तिच्या आईवडिलांच्या घरी उतरला होता तेव्हा त्याच्याशी सोव्हिएत रशियावरून कडाडून भांडलेली. म्हणजे कुणापुढे दबून राहायची सवय हिला कधी नव्हतीच. आणि अशा बाईचं ते सगळं काही महिन्यांत पुसलं जातं, याने मला खरंच हादरवलं.

तिचं म्हणणं असं होतं की कामगारांच्या मुक्तीबद्दल बोलणाऱ्या बोल्शेविक, म्हणजे रशियन क्रांतीच्या, पुढाऱ्यांपैकी कुणी कारखान्यात पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं. म्हणून शाळेतून रजा घेऊन ४ डिसेंबर १९३४ ला ती आल्स्तोम कंपनीच्या कारखान्यात साधी कामगार म्हणून लागली, नंतर आणखी एक कारखाना आणि शेवटी रेनॉचा मोटारींचा कारखाना. वय पंचवीस, हात नाजूक, डोकेदुखीचा जुना त्रास, आणि काम पीस रेटवर, म्हणजे जितके पीस तितकेच पैसे. नोंदींमध्ये पानंच्या पानं नुसते आकडे आहेत, किती पीस झाले, किती वेळ लागला, किती पीस खराब गेले, फोरमन काय बोलला. विचार करणाऱ्या बाईची रोजनिशी म्हणून उघडावी आणि हिशोबाची वही निघावी असं वाटतं आधी, पण मग लक्षात येतं की तेच तर ती सांगतेय, तासाला अमुक पीस काढायचे तर विचार थांबवावाच लागतो, विचार केला की स्पीड पडतो. तिला स्वतःला सगळ्यात मोठा मोह कुठला होता तर विचार करणंच सोडून देण्याचा, कारण तेवढ्यानेच त्रास कमी व्हायचा.

एकदा ती भट्टीवर असते, हात भाजलेले, डोकं ठणकतंय, आणि भट्टीचं झाकण खाली ओढायलाही जमत नाही. तेवढ्यात एक कामगार उडी मारून येतो आणि झाकण खाली करतो. बस, एवढंच. आणि त्या क्षणी त्याच्याबद्दल किती कृतज्ञता वाटते हे तिने लिहून ठेवलंय. दुसरीकडे गेटचं वर्णन. मुसळधार पाऊस, बायका बाहेर भिजत उभ्या, गेट सताड उघडं आहे, साहेब लोक त्यातून आत जातायत, पण भोंगा व्हायचा असतो म्हणून बायका आत जात नाहीत. समोर उघडं दार असून आडोशाला जावं असं कुणाच्या मनातही येत नाही.

कॉलेजात आमच्या स्टडी सर्कलमध्ये एक गोष्ट सगळे गृहीत धरायचे की जुलूम जितका वाढेल तितका उठाव जवळ येतो, लोक कधी ना कधी पेटून उठणारच. वेल म्हणते की मलाही बंड होईल असं वाटलं होतं, पण माझ्यात काय आलं तर ओझ्याच्या जनावराचा आज्ञाधारकपणा. नंतर, म्हणजे गीता वाचायची म्हणून मार्सेयला ती संस्कृत शिकत होती त्या काळात, तिने हेही लिहिलं की माणसाचं 'मी' म्हणणं कुणी हिरावून घेऊ शकत नाही, फक्त पराकोटीचं दुःख तेवढं ते करू शकतं. राजकारण बदलायची भाषा करणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबून विचार करायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण 'मी'च उरला नाही तर मागणी कोण करणार?

आणि इथे बाबासाहेब आठवल्याशिवाय राहत नाहीत. गुलामाला त्याच्या गुलामीची जाणीव करून द्या म्हणजे तो बंड करेल, हे आपल्याकडे त्यांच्या नावाने सगळ्यांना पाठ आहे. पण वेलला तर जाणीव होती की, 'मी गुलाम' असं ती स्वतःच लिहिते, तरी बसमधून उतरायला तयार होती! मला वाटतं फरक एकटेपणाचा आहे. २० मार्च १९२७ ला महाडला लोक हजारोंच्या संख्येने चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तळं नगरपालिकेच्या ठरावाने आधीच खुलं झालं होतं, पण हे पाणी आपलंही आहे हे अंगात भिनायला सगळ्यांनी मिळून ओंजळ भरावी लागली.

वेललाही हे कारखाना सोडल्याच्या पुढच्याच वर्षी बघायला मिळालं. १९३६ च्या सुरुवातीला ती रोझिएर इथल्या एका ओतकामाच्या कारखान्याच्या मॅनेजरशी पत्रव्यवहार करत होती. कामगारांनी आपल्या कामाबद्दल मोकळेपणाने लिहून पाठवावं असं आवाहन तिने कारखान्याच्या मासिकासाठी लिहिलं, ते त्याने छापलं नाही, मग तिने ग्रीक नाटकातल्या अँटिगनीची गोष्ट त्यांच्यासाठी सोप्या भाषेत लिहिली, ती छापली. राजाच्या हुकमाला नाही म्हणणारी मुलगी चालली पण स्वतःच्या कारखान्याबद्दल बोलणारा कामगार नको, हे वाचून मला रागच आला.

मग जूनमध्ये फ्रान्सभर संप झाले, कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले, आणि वेल रेनॉत जाऊन आली. यावेळी गेटवर पहारा कामगाराचा, त्याने हसून आत सोडलं. मशिनी बंद, एरवी नुसता खडखडाट असायचा तिथे गाणी आणि हसणं, लोक मान वर करून फिरतायत. तिने लिहिलंय की मागण्यांचं पुढे काय व्हायचं ते होवो, हा संप मुळातच एक आनंद आहे. (मागण्या बऱ्याच मान्य झाल्या, पगारवाढ मिळाली, आणि त्याच महिन्यात आठवड्याला ४० तास आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा यांचे कायदे झाले.) हा आनंद तिने त्या मॅनेजरलाही पत्रातून कळवला. त्याचं उत्तर तुटक आलं आणि पत्रव्यवहार तिथेच संपला. कामगारांच्या हालांबद्दल ती लिहित होती तोवर तो सौजन्याने वाचत होता, उत्तरं देत होता, वादही घालत होता. कामगार जिंकले याचा तिला झालेला आनंद मात्र त्याला सहन झाला नाही.