आधी नोटीस, मग यादी, मग येसर

मनासारखं लग्न करायचं ठरलं की पोरं-पोरी आधी विधींवर वाद घालत बसतात. कन्यादान गाळायचं का, सप्तपदी ठेवायची का. विधी तासाभरात उरकतात हो. लग्न हातातून निसटतं ते पाहुण्यांच्या यादीत आणि मानपानात.

पण त्याआधी कागद. विधी अजिबातच नको असतील तर 1954 चा विशेष विवाह कायदा धरा. हिंदू विवाह कायद्याखाली विधी न करता नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र काढलं तर ते लग्न धरलं जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये स्पष्ट सांगितलंय. विशेष विवाह कायद्यात दोघांपैकी एकजण तरी विवाह अधिकाऱ्याला द्यायच्या नोटिशीआधी सलग 30 दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. मराठवाड्यातली गोची इथंच होते. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी हैदराबादला, आणि लग्न परभणीत. दोघांचं आधार परभणीचं असलं तरी राहणं तिथलं नाही. अशा वेळी जो जिथं खरंच राहतो तिथंच नोटीस द्या, कायदेशीर लग्न तिथं लावा आणि गावाकडं समारंभ करा.

नोटिशीनंतर हरकतीसाठी 30 दिवस जातात आणि नोटीस दिल्यापासून 3 महिन्यांत लग्न लावावं लागतं. 20 डिसेंबर धरली असेल तर 20 सप्टेंबरच्या आधी दिलेली नोटीस शिळी होते आणि नोव्हेंबरच्या मध्यावर गेलात तर पाणी गळ्याशी येतं. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा बरा. शाळेच्या टी.सी.वरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. वडिलांच्या नावात 'राव' एकीकडं असतो, दुसरीकडं नसतो आणि अर्ज तिथंच अडतो. 3 साक्षीदार लागतात, पण 4 सांगून ठेवा. त्या दिवशी एकाची गाडी हमखास पंक्चर होते.

आता यादी. 200 माणसं धरली तर जोडप्याचे 40 आधी लिहा, मग दोन्ही घरांना 80-80 द्या. उलट केलं की जोडप्याच्या वाट्याला उरलेल्या खुर्च्या येतात. भावकीला चूलबंद, म्हणजे अख्ख्या घराला, आवतण एकदा गेलं की 80 चे 300 व्हायला वेळ लागत नाही, म्हणून पत्रिकेवर घरटी किती जण ते नावानिशी लिहा. वाईट दिसतं, पण चालतं.

आहेर, शेला-टोपी, टॉवेल बंद करायचे तर सरसकट बंद. 'फक्त व्याह्यांपुरतं' म्हणून एक फेटा बांधला की मामा रुसतो, मामाचा बांधला की आत्याचे यजमान. कापडाचा मान काढून कामाचा मान द्यावा: अंतरपाट मामानं धरावा, शपथ आजीनं वाचून घ्यावी. भटजीशिवाय लागणारं सत्यशोधक पद्धतीचं लग्न 1873 पासून महाराष्ट्रात लागतंय, त्यामुळं 'हे काय नवीन' म्हणणाऱ्याला उत्तर तयार आहे. आणि माईक एकाच माणसाच्या हातात ठेवा. आपल्याकडं पुढाऱ्यांचे सत्कार आणि 'आशीर्वादपर दोन शब्द' यांत मुहूर्त तासभर मागं पडतो, तोवर भाताचा गोळा होतो.

महिना कोणता? मे मध्ये शेतं मोकळी असतात, पाहुणे येतात, पण 42 अंशांत मांडव आणि टँकरच्या मागं धावणं. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. मे मध्ये तारीख धरणाऱ्यानं तेवढं ध्यानात ठेवावं. डिसेंबर-जानेवारी उत्तम. सकाळी 11 ला लग्न, 12 ला जेवण. संध्याकाळचं लग्न फोटोंत छान दिसतं, पण म्हाताऱ्यांची शेवटची एसटी चुकते आणि 30 गाद्यांची सोय ऐनवेळी तुमच्या गळ्यात पडते.

जेवणात पनीर आणि चायनीजचे स्टॉल वगळून येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) घातलेली आमटी, ज्वारीची भाकरी, भरली वांगी, भात आणि गूळ-तूप ठेवलंत तर लोक नावं ठेवणार नाहीत. 200 जणांना येसर 5 किलो, तांदूळ 14-15 किलो, वांगी 20 किलो. किलोभर पिठाच्या 8-9 भाकरी होतात. माणशी एक धरून 25 किलो पीठ दळून आणा, पण दळण आदल्या दिवशीचंच. जुनं पीठ विरी जातं आणि भाकरी थापताना फाटते. भाकरी आधी करून ठेवल्या तर वातड होतात, म्हणून बचत गटातल्या बायकांना 4 चुली देऊन पंगतीच्या तासभर आधी बसवा.

येसर कधीही उकळत्या पाण्यात थेट टाकायचा नाही, गुठळ्या होतात. आधी गार पाण्यात कालवून घ्या, मग फोडणीच्या आधणात ओता आणि हलवत राहा. आमटी बसली की घट्ट होते, दुसऱ्या पंगतीला तर पिठल्यासारखी. चुलीशेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवा आणि ते बघायला एक माणूस नेमा. आचाऱ्यावर सोडलंत तर तो नळाचं गार पाणी ओतून मोकळा होतो.