कासरा घरी वळताना

सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात गोठ्याबाहेर राहिलेला प्लास्टिकचा दोर वर्षाच्या आत कडक होतो, कुसळं सुटतात, धरला की हाताला भुकटी लागते. गाईच्या मानेवरचे केस जातात ते वेगळंच. बाजारात सुती कासरा, म्हणजे गुरं बांधायचा दोर, मिळतो, पण मला तो वळायला शिकायचं होतं.

आधी बांधावरची घायपात डोळ्यासमोर होती, कारण फुकट. पानं ठेचायची, बोथट पात्यानं गर खरवडायचा, धुऊन वाळवायची, की वाख, म्हणजे दोर वळायचे तंतू, हातात. शंभर किलो पानांतून तो निघतो जेमतेम चारेक किलो. गावात पूर्वी दोरखंड वळणारे एक आबा आहेत, त्यांनी पहिल्याच वाक्यात वाट बंद केली: "चीक लागला की अंग खाजवत बसशील. अंबाडी लाव की." अंबाडीचा वाख मऊ, खरं आहे. पण तिचे फोक दोनेक आठवडे पाण्यात कुजवावे लागतात, आणि त्या वासासकट घरच्या हौदात ते कुजवायचं धाडस माझ्यात नाही. अंबाडी आमच्याकडे भाजीपुरतीच राहिली.

मग लक्षात आलं, आपण राहतो कुठे? गल्लीत टॉवेलचे माग चालवणारे एक अण्णा आहेत. रंग जुळला नाही म्हणून बाजूला पडलेले अर्धवट सुताचे कोन त्यांच्याकडे पोत्यानं असतात. किलोच्या भावानं घेतले. माझा कासरा त्यामुळे गुलाबी-हिरवा झाला, गाईची तक्रार नाही.

दोर टिकतो तो उलटसुलट पिळावर, हे आबांनी दोन बोटांत सूत धरून दाखवलं. सुताला गिरणीतच एका बाजूनं पीळ दिलेला असतो. अशा बऱ्याच धाग्यांचा पेड करताना पीळ त्याच्या उलट द्यायचा, आणि तीन पेड एकत्र वळताना पुन्हा त्याच्या उलट. पेड उलगडायला बघतात, तसे एकमेकांवर आणखी आवळले जातात. दोर सुटत नाही तो एवढ्यामुळेच.

हातानं वीस फूट वळणं माझ्यासारख्याचं काम नव्हे, म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून सळईचे तीन हँडल वाकवून घेतले. एका उभ्या फळीतल्या तीन भोकांतून त्यांचे आकडे पुढे काढले, मागं तिन्ही हँडल दुसऱ्या फळीत अडकवले. ही मागची फळी गोल फिरवली की तिन्ही पेडांना सारखाच पीळ बसतो. सारखाच, हे महत्त्वाचं. एक पेड सैल राहिला तर सगळा भार उरलेल्या दोघांवर येतो, आणि तो सैल पेड नुसता त्यांच्याभोवती वेटोळे घालत जातो.

दुसऱ्या टोकाला तिन्ही पेड एकाच फिरत्या आकड्यात. हा आकडा भिंतीला ठोकायचा नाही. पीळ चढतो तसे पेड आखडतात, म्हणून तो दगड ठेवलेल्या पाटाला बांधला, पाट आपोआप पुढे सरकतो. वीस फुटांचा कासरा हवा असेल तर पेड तीस फुटांचे धरावेत. पेडांच्या मध्ये तीन खाचा पाडलेला लाकडी लट्टू धरायचा, म्हणजे ते वेळेआधी गुंतत नाहीत. पीळ पुरेसा झाला की पाटाकडचा आकडा उलटा फिरवायचा. लट्टू आपण ढकलायचा नसतो, मागं दोर वळत जातो तसा तो स्वतःच हँडलांकडे सरकतो. इकडे मुलगा फळी फिरवतच राहिला, नाहीतर पेडांतला पीळ निघून जातो. गल्लीतली निम्मी पोरं बघायला जमली होती.

टोकं बारीक सुतळीनं घट्ट गुंडाळली. नायलॉनसारखं जाळून चिकटवायची सोय सुताला नाही.

गाठींचा मोठा धडा अण्णांकडूनच मिळाला. तुटलेला धागा ते एका हातानं, न बघता जोडतात. त्या विणकरी गाठीची आणि दर्यावर्दी लोकांच्या शीट बेंड या गाठीची रचना एकच आहे. जाड-बारीक दोन दोर जोडायला ती उत्तम. पुडीवर बांधतो ती चौकोनी गाठ मात्र भार असलेले दोन दोर जोडायला कधीच वापरू नये, एक टोक ओढलं गेलं की ती उलटून निसटते. गाईच्या गळ्यात बोलाइनचा न आवळणारा फास, सरकफास नाही, नाहीतर बुजलेलं जनावर स्वतःचाच गळा आवळून घेतं. खुंट्याकडे सुरगाठ, म्हणजे गोठ्यात आग लागली किंवा गाय अडकली तर एका हिसक्यात सुटेल.

आता कडब्याच्या पेंढ्या गाडीवर आवळायला, रहाटाच्या बादलीला हाच दोर चालतो. बादलीचा मात्र वापरून झाला की पसरून वाळवावा लागतो, ओला गुंडाळून ठेवला तर सूत आतून कुजतं. गाठीपाशी कुठलाही दोर बराच कमजोर होतो, कधी निम्म्यापर्यंत, त्यामुळे ओझ्याचा अंदाज त्या हिशेबानं धरतो. विहिरीत माणूस उतरवायचा असेल तर घरचा दोर वापरत नाही, त्यासाठी वजनाची खात्री दिलेला नवा दोर विकत आणतो. आबांना हे पटत नाही. त्यांनी आयुष्यभर स्वतः वळलेल्या सोलावरूनच, म्हणजे जाड दोरखंडावरूनच, विहिरी उपसल्या आहेत.