आईचा प्रीमियम आणि मामांचे वय

आईच्या आरोग्यविम्याच्या नूतनीकरणाची दोन वर्षांची पत्रे मी शेजारी-शेजारी ठेवून वाचली. नोव्हेंबर २०२४ च्या पत्रात मूळ प्रीमियम ४८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्क्यांनी ८,६४० रुपये जीएसटी, असे एकूण ५६,६४० रुपये होते. नोव्हेंबर २०२५ च्या पत्रात कराच्या रकान्यात शून्य होते, कारण वैयक्तिक आरोग्यविम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला होता. मूळ प्रीमियम मात्र ५२,८०० रुपयांवर गेला होता. म्हणजे आमचे प्रत्यक्षात ३,८४० रुपये वाचले. कर गेला नसता तर आम्हाला ६२,३०४ रुपये भरावे लागले असते, त्यामुळे दिलासा खरा आहे, हे मी मान्य करते. पण वर्तमानपत्रांतले मथळे वाचून मनाशी धरलेला आकडा आणि हातात आलेले पत्र यांत बरेच अंतर होते.

ही वाढ बरोबर दहा टक्क्यांची आहे आणि तो आकडा सहज आलेला नाही. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाईने, जानेवारी २०२५ मध्ये असे सांगितले की साठ वर्षांवरील व्यक्तींचा प्रीमियम एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय केला पाहिजे. त्यापूर्वी एकेका वर्षात प्रीमियम तिपटीच्या जवळ गेलेली कुटुंबे आमच्या मुलुंडच्या सोसायटीतच आहेत, म्हणून या मर्यादेचे मोल मी कमी लेखत नाही. तरीही दरसाल दहा टक्के म्हणजे सात वर्षांत जवळजवळ दुप्पट. आई आज अडुसष्ट वर्षांची आहे. ती पंचाहत्तरीत पोहोचेल तेव्हा हाच प्रीमियम लाखाच्या पुढे गेलेला असू शकतो आणि तिच्या मुदतठेवींचे व्याज त्या वेगाने वाढणार नाही. आयकरात ज्येष्ठांच्या विम्यासाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. मी नव्या करप्रणालीत गेले असल्यामुळे तो आधारही उरलेला नाही.

करमाफीची चर्चा सर्वाधिक झाली, परंतु माझ्या मते २०२४ मधले नियमबदल त्याहून महत्त्वाचे आहेत. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड, म्हणजे त्यांचा खर्च मिळू लागेपर्यंत थांबण्याचा काळ, पूर्वी जास्तीत जास्त चार वर्षे असू शकत होता, तो आता तीन वर्षांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिली, की अमुक आजार सांगितला नव्हता असे कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. वीस वर्षांपूर्वी कधीतरी रक्तदाबाची गोळी घेतली होती, ती अर्जात लिहिली नाही, एवढ्यावरून ज्यांचे क्लेम अडकले, त्यांना विचारले तर या तीन वर्षांच्या फरकाचा अर्थ कळेल. म्हणून मी ओळखीच्या प्रत्येकाला एकच विनंती करते, की एखादे वर्ष हात आखडला असला तरी नूतनीकरण खंडित होऊ देऊ नका, कारण त्या सलगपणावरच हे सगळे संरक्षण उभे आहे.

कॅशलेसबाबतचा नियमही मला स्वतःच्या अनुभवामुळे जवळचा वाटतो. आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया २०२२ मध्ये झाली तेव्हा डॉक्टरांनी सकाळी दहाला घरी जायला सांगितले आणि आम्ही रुग्णालयातून बाहेर पडलो ते रात्री आठला. टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची, मंजुरी यायची होती, आणि तोपर्यंत आई कपडे बदलून पलंगाच्या कडेला बसून होती. आता कंपनीने सुरुवातीची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत देणे बंधनकारक आहे, आणि त्यापुढे उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा पैसे आकारले तर तो भार कंपनीने सोसायचा आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिला पुन्हा दाखल करावे लागले तेव्हा अडीच तासांत आमचे काम झाले.

बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेने मात्र मला पॉलिसीतली बारीक अक्षरे वाचायला शिकवले. ते २०१९ चे वर्ष होते. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा रोज ५,००० रुपये होती आणि जागा नसल्यामुळे आम्हाला ७,५०० रुपयांची खोली घ्यावी लागली. चार दिवसांचे वरचे दहा हजार आपण भरू, असा आमचा हिशेब होता. प्रत्यक्षात मर्यादा भाड्याच्या दोन तृतीयांशच होती म्हणून कंपनीने २,४०,००० रुपयांच्या संपूर्ण बिलालाच एक तृतीयांश कात्री लावली आणि आम्हाला ८०,००० रुपये भरावे लागले, जणू महाग खोलीत ठेवल्यामुळे कृत्रिम सांधासुद्धा महाग झाला होता. इर्डाईने २०२० मध्ये स्पष्ट केले की औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येणार नाही. त्या बिलात या तिन्हींचा वाटा निम्मा होता, म्हणजे आजच्या नियमाने आमचे ४०,००० रुपये वाचले असते. ही कपात पूर्णपणे बंद झालेली नाही. शस्त्रक्रियेच्या आणि डॉक्टरांच्या शुल्कावर ती अजूनही लागू शकते, त्यामुळे खोलीच्या भाड्यावर मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग असली तरी तीच घ्यावी, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे सगळे झाले ज्यांच्याकडे पॉलिसी आहे त्यांच्याविषयी. माझे मामा लालबागला राहतात आणि त्यांनी आयुष्यात कधी विमा घेतला नाही. २०२३ मध्ये मी त्यांच्यासाठी चौकशी केली तेव्हा पासष्टच्या वरचा अर्ज घेत नाही, असे उत्तर मिळाले. एप्रिल २०२४ पासून नवीन पॉलिसीसाठीची ती वयोमर्यादा उठली आणि मी मोठ्या आशेने पुन्हा विचारले. या वेळी दार उघडले, पण मधुमेह धरून वर्षाचा प्रीमियम ४४,००० रुपये सांगितला गेला, शिवाय मधुमेहाशी संबंधित उपचारांसाठी तीन वर्षे थांबायचे होते. मामा म्हणाले, “अगं, एवढे पैसे मी नुसते भरायचे म्हटले तर महिन्याच्या गोळ्या कशातून आणू?” माझ्याकडे उत्तर नव्हते. नियामकाने कंपनीला दार उघडायला लावले. आत जाण्याचे मोल किती असावे, हे मात्र बव्हंशी कंपनीच ठरवते, आणि गरज जितकी अधिक तितके ते मोल अधिक असते.

मामांसारख्यांना खरा आधार आहे तो सरकारी योजनांचा. त्यांच्याकडे केशरी शिधापत्रिका आहे, म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते आधीपासूनच बसत होते. २०२३ मध्ये राज्य शासनाने या योजनेची दीड लाखांची मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि पांढरी शिधापत्रिका असलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांनाही तीत घेण्याचा निर्णय केला. तिला प्रीमियम नाही आणि जुन्या आजारासाठी थांबणेही नाही. पण उपचार ठरलेल्या यादीतले हवेत, रुग्णालय योजनेत नोंदलेले हवे, आणि मुंबईतील सर्वच मोठी खासगी रुग्णालये त्यात नाहीत. त्यामुळे गरज पडण्याआधीच जवळच्या नोंदणीकृत रुग्णालयात जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून यावे. रुग्ण स्ट्रेचरवर असताना ही चौकशी सुचत नाही. दर महिन्याची औषधे आणि बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या मात्र यातून मिळत नाहीत, आणि मामांचा खरा खर्च तोच आहे. तो सध्या जनऔषधी केंद्रामुळे काहीसा आटोक्यात आहे.

याच्या जोडीला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. ज्याच्याकडे खासगी विमा आहे त्यालाही हे आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते, म्हणून आईचेही दोन वर्षांनी काढायचे मी ठरवले आहे. पण तोवर काय? साठीला नोकरी सुटते आणि कार्यालयातल्या गटविम्याचे छत्र जाते. नेमक्या याच वयात खासगी प्रीमियम झपाट्याने चढतो आणि केंद्राचे कार्ड तर सत्तरीनंतरच मिळते. ही मधली दहा वर्षे मला सर्वांत काळजीची वाटतात. सत्तरची अट साठवर आणावी, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

मामांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी विचित्र झाला आहे. या कार्डासाठी आधारवरील वय धरले जाते आणि त्यांच्या आधारवर जन्मसाल १९५७ पडले आहे, म्हणजे अजून २०२७ पर्यंत वाट पाहायची. मागच्या आठवड्यात त्यांनी ट्रंकेच्या तळातून जुन्या अकरावीचे एसएससीचे प्रमाणपत्र शोधून काढले. त्यावर जन्मतारीख जुलै १९५५ ची आहे, म्हणजे त्यांना सत्तर वर्षे केव्हाच पूर्ण झाली आहेत. येत्या शनिवारी आम्ही दोघे ते घेऊन परळच्या आधार केंद्रात जाणार आहोत.