होल-इन-द-रॉक रोड: शॉकअपवर पैसे घालण्याआधी वाचा

'फॅक्टरीचे शॉकअप काढल्याशिवाय त्या रस्त्याला लागूच नकोस,' असं छातीठोक सांगणाऱ्यांपैकी एकानेही टायरमधल्या हवेचं नाव काढलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय. मान अजून आखडलेली आहे, भाषा कडक वाटली तर चालवून घ्या. त्या भागातलं ब्राइस कॅनियन, हायवे 12 वगैरे सुंदरच; त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

अमेरिकेतल्या युटा राज्यात एस्कलांटे गावापुढे पाचेक मैलांवर हा कच्चा रस्ता फुटतो आणि पन्नासहून जास्त मैल लेक पॉवेलच्या कड्याकडे जातो. डेव्हिल्स गार्डनपर्यंतचे 12 मैल ठीक. ड्राय फोर्कचा फाटा गेला की पन्हळी पत्र्यावर गाडी घातल्यासारखं! आमचे दोन फोर्ड एफ-250 पिकअप ट्रक, दोन्हींच्या हौद्यात कॅम्पर, म्हणजे झोपायची खोली. माझ्याकडे फॅक्टरीचे ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचे) शॉकअप, मित्राकडे बिलस्टीन कंपनीचे नवेकोरे 5100 मोनोट्यूब (एका नळीचे).

फरक पडतो, नाही असं नाही. तासाभराने वळणावर माझी मागची बाजू सरकायला लागली, त्याची पकड टिकून होती. थांबून मागच्या शॉकअपजवळ हात नेला तर धग लागली. ट्विन-ट्यूबमध्ये तेल आणि गॅस एकत्र असतात. सतत हादरे बसले की तेलाचा फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. मोनोट्यूबमध्ये तरंगता पिस्टन दोघांना वेगळं ठेवतो, शिवाय नळीला थेट वारा लागतो.

पण दात दोघांचेही वाजतच होते. शेवटी मी हवा उतरवली, मागे 70 वरून 45 पीएसआय, पुढे 35. मित्र हट्टाने 70 वरच. पुढचे दहा मैल माझी फॅक्टरीवाली गाडी त्याच्यापेक्षा मऊ चालली. तेव्हा आधी चांगला काँप्रेसर घ्या, वेग ताशी 25 मैलांच्या आत ठेवा, डांबरी लागताच हवा पुन्हा भरा. कॅम्पर कायम हौद्यात असेल आणि असले रस्ते वारंवार करणार असाल तरच मोनोट्यूब. रिकामी गाडी उडते ती मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमुळे. शॉकअपने ते जाणार नाही.

आता मित्राचं शॉकअप बसवण्याचं बिल. फोर-बाय-फोर एफ-250 ला पुढे सलग अ‍ॅक्सल, शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा. स्प्रिंग दाबावी लागत नाही, अलाइनमेंट हलत नाही. तरी दुकानाने दोन्हींचे पैसे लावले. सरळ लूट! जॅक, स्टँड आणि टॉर्क रेंच असेल तर अंगणात होतं. गाडी लिफ्ट केलेली, म्हणजे उंच करून घेतलेली असेल तर तेवढ्या उंचीचाच शॉकअप मागवा, आणि खालचे बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यावरच पूर्ण कसा, नाहीतर रबरी बुश पिळून फाटतात.

शेवटचे काही मैल नुसता खडक आहे. कॅम्परवाल्यांनी तिथे जाऊ नये, आम्हीही परत फिरलो. पाऊस झाला की मातीचा चिखल होतो, तेव्हा या रस्त्याचं नावच काढू नका. डिझेल एस्कलांटेतच भरा, पुढे पंप नाही.